कालुपूरहून माणेक चौकापर्यंत, पायी

अहमदाबादला पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही दिवसभराची गाडी ठरवली होती आणि चालकाने जुन्या शहरासाठी दोन तास राखून ठेवले होते. त्यातला बराचसा वेळ रिलीफ रोडवरच्या कोंडीत गेला. सिदी सैयद मशिदीची जाळी पाहिली, जामा मशीद घाईने पाहिली. परंतु ज्या पोळांच्या, म्हणजे दरवाजा असलेल्या जुन्या गल्लीवस्त्यांच्या, आधारावर या शहराला २०१७ साली भारतातली पहिली जागतिक वारसा नगरी होण्याचा मान मिळाला, त्यांतल्या एकाही पोळेत पाऊल न टाकता आम्ही परतलो. अहमदशहाने १४११ साली वसवलेले हे जुने शहर जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचे आहे आणि ते चालणाऱ्या माणसासाठीच रचलेले आहे, हे मला दुसऱ्या खेपेला उमगले.

मुंबईहून जायचे तर रात्रीची गुजरात मेल मला सर्वांत सोयीची वाटते. वंदे भारत वेगवान असली, तरी ती पोहोचेपर्यंत सकाळ हातची निघून गेलेली असते, आणि जुन्या शहराची सकाळ चुकवणे म्हणजे त्याचा निम्मा भाग चुकवणे होय. मेल पहाटे पोहोचते. स्थानक कालुपूर भागात, जुन्या तटबंदीच्या अगदी पूर्वेच्या कडेला आहे, त्यामुळे चहा घेऊन थेट चालायला लागता येते. सध्या स्थानकाच्या पुनर्बांधणीमुळे काही गाड्या साबरमतीला किंवा शहरातल्या अन्य स्थानकांवर थांबतात, तेव्हा तिकिटावरचे स्थानकाचे नाव नीट वाचून घ्यावे. साबरमतीला उतरावे लागले, तर मेट्रोने जुन्या हायकोर्टापर्यंत येऊन तिथे मार्गिका बदलावी. कालुपूर आणि घीकांटा ही दोन्ही भुयारी स्थानके जुन्या शहराला अगदी लागून आहेत. सामान मात्र आधी मुक्कामी टाकावे, कारण पुढच्या वाटा पाठीवरच्या मोठ्या पिशवीला जागा देत नाहीत.

महानगरपालिकेने १९९७ साली सुरू केलेली वारसा पदयात्रा रोज सकाळी कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघते आणि जामा मशिदीपाशी संपते. मी तिच्यासोबत एकदा गेले आणि दुसऱ्या दिवशी तीच वाट एकटीने पुन्हा चालले; माझ्या मते दोन्ही करावे. वाटाड्या सोबत असला की कुठे वळायचे ते कळते, एकटे असले की कुठेही थांबता येते. मंदिर १८२२ सालचे, कोरीव सागवानी खांबांचे. तिथून लांबेश्वरनी पोळेत गेले की कवी दलपतराम यांचा बसलेला पुतळा भेटतो. त्यांचे घर जिथे होते, त्याच जागी तो बसवलेला आहे, त्यामुळे कवी आपल्याच ओट्यावर वाऱ्याला बसल्यासारखे दिसतात. पुढे हाजा पटेलनी पोळेत काळा रामजीचे मंदिर आहे. नाशिकच्या काळारामाला हात जोडत मोठ्या झालेल्या माणसाला ते नाव वाचूनच आपलेपणा वाटतो. मात्र इथला राम उभा नाही, बसलेला आहे, आणि ते ध्यान पाहताना मी बराच वेळ तिथून हलले नाही.

पोळ म्हणजे नुसती गल्ली नव्हे. तिला एक दरवाजा असतो, दरवाजाच्या माथ्यावर पहारेकऱ्याची खोली असते, आत चौकात पाखरांच्या दाण्यासाठी उंच कोरीव चबुतरा असतो, भिंतीवर सूचना लिहायचा फळा असतो आणि घरे एकमेकांना इतकी खेटून असतात की वैशाखातही वाटेवर ऊन क्वचितच पडते. काही पोळा आंधळ्या, म्हणजे पुढे बंद, असतात आणि काहींना शेजारच्या पोळेत निघणारी चोरवाट असते, ती नकाशावर सापडत नाही. तेव्हा फोन खिशात ठेवावा आणि विचारावे. मला वाट विचारल्यावर नुसती सांगणारे फार थोडे भेटले, सोबत चालत येऊन दाखवणारेच अधिक.

अशाच एका घरात, ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या आजींनी ‘आवो ने, बेन’ म्हणून आत बोलावले आणि चौकातल्या फरशीवरचे पितळी झाकण उचलून टाके दाखवले. घराच्या पोटात खोदलेली ही पाण्याची खोली. पावसाळ्याच्या आधी गच्ची धुऊन काढतात, पहिल्या सरींचे पाणी वाहून जाऊ देतात आणि त्यानंतरचे पाणी नळातून टाक्यात सोडतात. आतली भिंत चुन्याची, आणि उजेड आत शिरत नसल्यामुळे पाणी वर्षभर पिण्याजोगे राहते. पातळी पाहायची असली की आरशाने उन्हाचा कवडसा आत पाडतात. आजींनीही हातातला आरसा तिरका केला आणि खाली काळ्या पाण्यावर तो कवडसा हलला. नद्या, धरणे, टँकर यांच्या बातम्या वाचत जगणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते. एक विनंती मात्र आहे: ही राहती घरे आहेत, बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडू नये आणि विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये.

जामा मशीद १४२४ सालची. तिच्या दोनशे साठ खांबांच्या दालनात उभे राहिले की बाहेरच्या बाजाराचा गोंगाट थांबल्यासारखा वाटतो. तिचे मिनार १८१९ च्या भूकंपात कोसळले. शुक्रवारी दुपारच्या नमाजाची वेळ टाळावी. मशिदीच्या पूर्वेला बादशहाचा हजिरा, म्हणजे कबरीची वास्तू, आणि त्यापुढे राणीचा हजिरा. राणीच्या हजिऱ्याभोवती कपड्यांची दुकाने इतकी दाटली आहेत की पायऱ्या शोधाव्या लागतात. तिथून माणेक चौक दोन मिनिटांवर आहे. दिवसा तिथे सराफबाजार असतो आणि रात्री दुकाने मिटली की त्याच चौकात खाण्याच्या गाड्या लागतात. मी सकाळी लवकर गेले तेव्हा सराफांच्या पेढ्यांपुढची धूळ झाडून गोळा करणारी माणसे दिसली. आपल्याकडचे झारेकरी ते हेच, धुळीतून सोन्याचे कण काढणारे. रविवारी सराफा बंद असतो. पण रस्ते मोकळे असल्यामुळे वरच्या मजल्यांची कोरीव लाकडे निवांत पाहता येतात.

मराठी प्रवाशाने आणखी एक वाट वाकडी करावी, असे मी सुचवेन. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८१७ पर्यंत या शहरावर पेशवे आणि गायकवाड यांचा सामाईक अंमल होता. त्या काळातली गायकवाडांची हवेली आजही उभी आहे. तिच्यात पोलिसांचे कार्यालय असल्यामुळे ती बाहेरूनच पाहावी लागते. भद्र किल्ल्यात भद्रकाली मातेचे मंदिर आहे, तेही मराठी अंमलातले मानतात. त्या अंमलात शहराचा व्यापार खालावला, हेही आपण प्रामाणिकपणे लक्षात ठेवायला हवे. तिथे अभिमान मिरवायला नव्हे, आपला हिशेब समजून घ्यायला जावे.

सरखेजचा रोजा (दर्गा आणि कबरींचा परिसर) आणि अडालजची वाव (पायऱ्यांची विहीर) जुन्या शहरापासून लांब आहेत, त्यांच्यासाठी वेगळा दिवस आणि रिक्षा किंवा गाडी लागते.

माझी तिसरी खेप आता जूनच्या अखेरीस आहे. त्या आजींनी निघताना सांगितले होते की गच्ची धुवायच्या दिवसांत या, मग टाके भरताना पाणी कसे वाजते ते ऐकायला मिळेल.