बघायला काहीच नसलेलं हॅकेनसॅक

अमेरिकेतले सोळा दिवस. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, फोटो फॅमिली ग्रुपवर पडले. त्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनला मावसभावाकडे उतरलो होतो. मला तिथून जवळच्या हॅकेनसॅकला एक जुनं घर बघायचं होतं, जिथे जॅझच्या रेकॉर्ड्स निघाल्या. दादा कामावर, म्हणून वहिनींनी गाडी काढली. "म्युझियम आहे ना, भाऊजी?" मी म्हटलं, "तसंच काहीतरी." सरळ खोटं. ते घर कधीच पाडलंय हे मला माहीत होतं.

हॅकेनसॅकची प्रॉस्पेक्ट अव्हेन्यू, 25 नंबर. रूडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांच्या चष्म्याचे नंबर काढायचा आणि उरलेल्या वेळात आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत जॅझ रेकॉर्ड करायचा. सॅक्सोफोनवाला जॉन कोलट्रेन, त्याची 'ब्लू ट्रेन' ही रेकॉर्ड इथलीच, 15 सप्टेंबर 1957ची. आता आजूबाजूला दवाखान्यांच्या इमारती. मी फुटपाथवर उभा राहून गहिवरायचा प्रयत्न केला. जमलं नाही. वहिनी गाडीत बसून माझ्याकडे बघत होत्या, त्यामुळे तर अजिबातच नाही.

"याच्यासाठी एवढं पेट्रोल?"

ओशाळून गाडीत बसलो आणि फोनवर तीच रेकॉर्ड लावली. सुरुवातीचे ते संथ, भारी सूर. तीन वाद्यं एकदम: टेनर सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन.

वहिनी म्हणाल्या, "हे हॉलमध्ये वाजवलं? सोफ्याशेजारी? आणि त्यांची आई कुठे बसायची?"

वीस वर्षं मी हे ऐकतोय, आईचा विचार कधी मनात आला नव्हता. मग मीच सांगत सुटलो: भिंतीला काच बसवून पलीकडे मशीन ठेवलेलं, ब्लू नोट ही रेकॉर्ड कंपनी तालमीचेही पैसे द्यायची, त्यामुळे मंडळी तयारीनिशी यायची, ट्रम्पेटवाला ली मॉर्गन तेव्हा एकोणीस वर्षांचा. शिवाय ऐकतोय तो टेक नववा, पण त्यातला पियानोचा तुकडा आठव्यातून कापून चिकटवलाय. वहिनींना तो सांधा ऐकायचा होता. दोनदा लावला. दोघांनाही सापडला नाही.

ट्रम्पेटच्या वेळी ड्रम्स एकदम दुगुनीत जातात, तिथे त्यांनी स्टिअरिंगवर बोटं धरली. लहानपणी सांगलीत चार वर्षं तबला शिकल्या होत्या, हे मला तोवर माहीत नव्हतं. दादाला माहीत असावं, अशी आशा आहे.

पुढे एंगलवूड क्लिफ्सला जायचा माझा बेत होता. व्हॅन गेल्डरने 1959मध्ये तिथे उंच लाकडी छताचा खास स्टुडिओ बांधला, आणि तो अजून उभा आहे. म्हणजे बघण्यासारखं खरं तर तिथे होतं. पण मुलांची शाळा सुटायची वेळ झाली होती.

परतताना वहिनींनी आवाज वाढवला. "तो एकोणीसवाला पुन्हा लावा." लावला. टर्नपाइकवरचा आमचा एक्झिट मागे पडला.