तुम्ही विचारलंत म्हणून: जेलात गेलेल्या पणजोबांना कशाला शोधलं

गावच्या जत्रेत, लग्नात, कुणाच्या दहाव्याला, कुठेही गेलो की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, पणजोबांचे कागद शोधताय म्हणे, ते जेलात होते ना, मग स्वातंत्र्यसैनिक असतील? मी नाही म्हटलं की चेहरा जरा उतरतो आणि दुसरा प्रश्न येतो, मग कशाला उकरून काढताय हो, झाकली मूठ असू द्यावी की. आमच्या सातारा जिल्ह्यात पहिला प्रश्न साहजिक आहे, इथं प्रतिसरकार झालं, घरातलं कोणी जेलात गेलेलं असणं म्हणजे भिंतीवर १९७२ चा ताम्रपट. आमच्या भिंतीवर काही नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून एकदा नीट लिहितोय.

लहानपणी मला पणजोबांच्या दोन गोष्टी माहीत होत्या आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या असणं शक्यच नव्हतं. घरात सांगायचे, ते जर्मनच्या लढाईत गेले ते परत आलेच नाहीत. आणि गावी सुट्टीत गेलो आणि गोट्यांवरून भांडण झालं की समोरचा पोरगा म्हणायचा, जेलवाल्याची अवलाद. मुंबईला परत आल्यावर वडिलांना विचारलं की ते गप्प, आजोबांना विचारलं की ते उठूनच जायचे. आजोबा गिरणीत लागले तेव्हाच आपल्या आईला घेऊन मुंबईला आले ते नंतर गावी क्वचितच गेले. फक्त आत्या एकदा म्हणाली की तिची आजी, म्हणजे माझी पणजी, भाकऱ्या थापता थापता बोलून गेली होती, लढाईनं पाय खाल्ला आन दारूनं माणूस. आता जो माणूस लढाईतून आलाच नाही त्याचा पाय लढाईनं खाल्ला हे पणजीला कसं ठाऊक? ते वाक्य माझ्या डोक्यातून चाळीस वर्षं गेलं नाही.

सुरुवात झाली ती आत्याच्या ट्रंकेतल्या बिल्ल्यापासून. पणजी त्याला परीचा बिल्ला म्हणायची, एका बाजूला पंख असलेली बाई आहे. ते पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल. याच्या जोडीला चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल असतं, पण चांदीचं असल्यामुळे किती घरांत ते सोनाराकडे जाऊन वितळलं असेल, आमचंही गेलं असणार, आणि हे ब्राँझचं म्हणून राहिलं. तुमच्या घरी असं काही असेल तर आधी कड बघा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्यावर होतं ते ११० मराठा, आणि नावाचं स्पेलिंग असं की तीनदा मोठ्याने वाचल्यावर कळलं की हे आपलेच.

११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री म्हणजे सहावी पूना डिव्हिजन, आणि ही डिव्हिजन म्हणजे मेसोपोटेमिया, आजचा इराक. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनची लढाई, मग माघार, आणि डिसेंबरपासून कुत-अल-अमारा गावात तुर्कांचा वेढा, जवळजवळ पाच महिने. घोडे कापून खायची वेळ आली, हिंदी शिपायांनी बरेच दिवस घोड्याचं मांस नाकारलं आणि पीठ कमी होत होत काही तोळ्यांवर आलं, हिरडी सुजून माणसं मरत होती. २९ एप्रिल १९१६ ला सगळे शरण गेले, सुमारे १३ हजार माणसं, त्यात बहुतेक हिंदी. तिथून बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर, वाळवंटातून पायी. शाळेत आम्हाला यातलं एक अक्षर नव्हतं. आमच्या भागात चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत पांढऱ्या दगडाची पाटी दिसते, या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, त्यातली इतकी कामी आली. आकडे आहेत, नावं नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावरसुद्धा साध्या हिंदी शिपायांची नावं न कोरता पलटणीमागे फक्त संख्या दिली, हे वाचलं तेव्हा मला फार लागलं, आजही लागतं.

मग मी म्हटलं खानेसुमारीत बघू. विलायतेत १९२१ ची खानेसुमारी २०२२ मध्ये नावानिशी ऑनलाइन आली, कुतमध्ये पणजोबांच्याच ब्रिगेडमध्ये असलेल्या नॉरफोक पलटणीतला गोरा सोल्जर त्यात घर नंबर, बायको, पोरं असा सापडू शकतो. आपल्याकडे १९११ आणि १९२१ च्या खानेसुमारीचे तक्ते आहेत, जात, धर्म, धंदा, सगळं जिल्हावार, पण घरोघरच्या चिठ्ठ्या मोजून झाल्यावर नष्ट केल्या. म्हणजे पणजोबा मोजले गेले, पण नाव राहिलं नाही. पंजाबवाल्यांचं नशीब चांगलं, लाहोरच्या म्युझियममध्ये ३ लाखांवर सैनिकांची गाववार रजिस्टरं निघाली आणि २०२१ पासून ती ऑनलाइन यायला लागली, आपल्या शिपायांचं असं काही कुठे कपाटात असेल तर ते कोणीतरी उघडावं असं मला मनापासून वाटतं.

उरले ते महसूलचे कागद, आणि ते मोडीत. म्हणून पन्नाशीत मोडी शिकलो. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून मग खाली न थांबता लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत, पहिले तीन महिने मला एकच शब्द ओळखता यायचा, बिन. जुन्या कागदात आडनाव बहुतेक नसतंच, अमका बिन तमका, म्हणजे तमक्याचा मुलगा, आणि बाईचं असेल तर कोम, म्हणजे अमक्याची बायको. हे ध्यानात ठेवा, आडनावाने शोधत बसलात तर वर्ष वाया जाईल, मी घालवलंय.

गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, आमच्या गावची सुदैवाने वाळवीतून वाचलीय. १९१८ च्या ऑक्टोबरची पानं उघडली आणि मी वाचायचा थांबलोच. एरवी महिन्याला दोन-तीन मयत, आणि इथं पानामागून पान, कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. तो इन्फ्लुएन्झा. त्यात चार दिवसांच्या अंतराने पणजोबांची आई आणि तीन वर्षांची मुलगी. त्या मुलीचं नाव आमच्या घरात कोणालाही माहीत नव्हतं, आत्यालासुद्धा नाही. त्याच साली पाऊसही नव्हता, आणि फेरफारात नोंद आहे की धाकट्या भावाने विहिरीजवळचं शेत सावकाराकडे गहाण टाकलं. म्हणजे १९१९ मध्ये पणजोबा तुर्कांच्या कैदेतून सुटून, बोटीने येऊन, एसटीही नव्हती तेव्हा चालत घाट चढून घरी आले तेव्हा आई नाही, मुलगी नाही आणि शेतात दुसऱ्याचा नांगर.

जेलचा कागद मात्र काही केल्या मिळेना. एका ऑफिसात मला तोंडावर सांगितलं की शंभर वर्षांपूर्वीच्या गुन्हेगाराचं तुम्हाला काय करायचंय. मग २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली आणि राज्यभर जुनी दप्तरं उघडली गेली, त्यात शाळेचे दाखले, ताडीच्या नोंदवह्या, पोलिसांची क्राईम रजिस्टरं आणि तुरुंगातल्या कैद्यांची रजिस्टरं, सगळं. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. माझ्याबरोबर मोडी शिकलेला एक मित्र त्या कामावर होता, त्याने एका रात्री फोन केला, तुझ्या गावचं नाव आहे, बिनच्या पुढचंही जुळतंय, सकाळी ये.

एकच ओळ आहे, पण दोन पानांवर पसरलेली. १९२४ साल. कलम ३२५, जबर दुखापत, तीन वर्षं सक्तमजुरी. त्याआधी आबकारीत, म्हणजे दारूच्या गुन्ह्यात, एकदा दंड. वय ३०. लिहिता-वाचता येत नाही. पूर्वीचा धंदा, पलटण. उंची ५ फूट ४ इंच. ओळखीच्या खुणा: डाव्या पायाची दोन बोटं नाहीत, उजव्या खांद्याखाली जुन्या जखमेचा वण.

पलटणीने त्यांना नंबर दिला, खानेसुमारीने चिठ्ठी फाडली, दगडी पाटीने आकड्यात घातलं, घराने तर सरळ मेले म्हणून सांगितलं. या सगळ्यांत एका तुरुंगाच्या कारकुनाने या माणसाला समोर उभं करून नखशिखांत बघितलं आणि लिहून ठेवलं. आमच्याकडे त्यांचा फोटो नाही. ही ओळ हाच फोटो. बोटं कशी गेली ते रजिस्टर सांगत नाही, पण पणजी सांगून गेली होती. आणि शेवटी एक रकाना आहे वजनाचा, येताना ९६ पौंड, सुटताना १११. तो आकडा मी मित्राला परत परत वाचायला लावला. ९६ पौंड म्हणजे ४४ किलोसुद्धा नाही. हा माणूस तुरुंगात गेल्यावर भरला, याचा अर्थ बाहेर पाच वर्षं तो काय खात होता, काय पीत होता, आणि त्याच्या ताटात कोण वाढत होतं.

आता मुख्य गोष्ट, जी सांगताना अजूनही जड जातं. जबर दुखापत झालेला माणूस त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दारू पिऊन, शेतावरून, कुऱ्हाडीच्या दांड्याने. मी हे युद्धावर ढकलणार नाही. कुतहून हजारो माणसं परत आली, सगळ्यांनी भावाचा हात मोडला नाही. ज्या भावाने दुष्काळात आणि तापात घर चालवायला शेत गहाण टाकलं, त्याच्या अंगावर हे गेले. आजोबा तेव्हा लहान पोर, त्यांनी ते बघितलं असणार, आणि मग त्यांनी बापाला लढाईतच मारून टाकलं तर मी त्यांना काय म्हणू.

शेवटचा कागद १९५१ चा. त्या वर्षीच्या खानेसुमारीवरून नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर बनवलं होतं, गाववार, घरवार, नावानिशी, आणि तहसिलीत ते पुष्कळ ठिकाणी अजून आहे. आमच्या गावच्या रजिस्टरात मी पणजोबांना शोधायला बसलोच नव्हतो, मला धाकट्या भावाच्या घरातली माणसं बघायची होती, कारण त्यांच्या घरी जायचं मनात होतं आणि कोण कोणाचा हे पक्कं हवं होतं. कुटुंबप्रमुख म्हणून भाऊ. मग त्याची बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडं. आणि सगळ्यात खाली पणजोबांचं नाव, वय ६०, धंदा काही नाही, प्रमुखाशी नातं: भाऊ.

गेल्या चैत्रात त्या घरी गेलो. भावकीत असूनही आमच्यापैकी कोणी त्या उंबऱ्यात साठ-सत्तर वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. आप्पा आता नव्वदीला टेकलेत, त्या भावाचे नातू. मी रजिस्टरची झेरॉक्स पुढे ठेवली आणि म्हटलं, आमच्या माणसाने तुमच्या आजोबांचा हात मोडला, ते मला कागदावर मिळालंय, ते सांगायला आलोय. आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्या आज्याचा उजवा हात खांद्याच्या वर कधी गेला नाही, पटका आम्ही बांधायचो. आणि मग पडवीच्या कोपऱ्याकडे बोट केलं. थोरल्या बाबाचं अंथरूण तिथं असायचं, ते म्हणाले, त्याला बूट सोसायचा नाही, आज्या त्याच्या पायाला फडकं बांधून द्यायचा, डाव्या हातानं.