तुम्ही विचारलंत म्हणून: एकच इंजिन, आणि बंद पडलं तर?

मी छोट्या विमानांवर उड्डाण शिकवते. पायलट व्हायला आलेल्या मुलांचे आईवडील फी विचारायच्या आधी हे विचारतात, ‘मॅडम, एकच इंजिन? आणि ते वरच बंद पडलं तर?’ बहुतेकांना माझ्याकडून ‘काही होत नाही हो’ एवढंच ऐकायचं असतं. ते मी म्हणणार नाही.

इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान साधारण ६५ नॉटवर (ताशी सुमारे १२० किलोमीटर) धरलं, तर वारा नसताना उंचीच्या नऊपट अंतर तरंगत जातं. म्हणजे ३००० फुटांवरून आठेक किलोमीटर. इंजिनात दोन स्वतंत्र मॅग्नेटो (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारी यंत्रं) आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात. बॅटरी मेली तरी ठिणगी पडत राहते. दुसरं इंजिन म्हणजे दुप्पट सुरक्षितता, हेही खरं नाही. छोट्या ट्विनचं, म्हणजे दोन इंजिनांच्या विमानाचं, एक इंजिन टेकऑफला गेलं की चालू असलेलं दुसरं विमानाला एका बाजूला ओढतं. वेग ठरावीक मर्यादेखाली गेला तर रडर (शेपटीवरचं सुकाणू) पुरत नाही आणि विमान उलटतं.

१९२६ मध्ये न्यूयॉर्क ते पॅरिस निघालेलं फ्रेंच पायलट रेने फोंकचं तीन इंजिनांचं सिकॉर्स्की टेकऑफलाच जळालं, दोघे गेले. पुढच्या वर्षी अमेरिकन पायलट लिंडबर्ग एकाच इंजिनावर साडेतेहतीस तासांत पॅरिसला पोचला. जास्त इंजिनं म्हणजे बिघाडाच्या जागाही जास्त, असा त्याचा हिशेब होता. पण त्याच्या दोनच आठवडे आधी फ्रेंच वैमानिक नंजेसेर आणि कोली अटलांटिकवर निघाले ते कायमचे बेपत्ता झाले, आणि त्यांचं विमानही एकाच इंजिनाचं होतं. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून जुहूला टपाल आणलं, ते पस मॉथ विमानही एकाच इंजिनाचं. इतिहासातून दोन्ही बाजूंना पुरावे मिळतात.

आता जे मी सहसा सांगत नाही ते.

मे महिन्यातली सकाळ. विद्यार्थी डाव्या सीटवर, मी उजव्या. टेकऑफनंतर ४०० फुटांवर इंजिनात धाडकन आवाज झाला, अख्खं विमान थरथरायला लागलं आणि आरपीएमचा काटा घसरला. ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणत मी नाक खाली दाबलं. जमीन इतकी जवळ असताना आणखी जमिनीकडे जायला शरीर तयार होत नाही. मागे आमची धावपट्टी होती, लांबलचक आणि मोकळी. तिच्याकडे वळावंसं किती वाटतं, ते तिथे बसल्याशिवाय कळत नाही. पण एवढ्या उंचीवरून मागे वळताना वेग जातो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते, आणि माणसं मरतात. समोरच उतरायचं, असं मी रोज शिकवते. समोर तरंगत जायला जेमतेम एक किलोमीटर होता. त्यात विजेच्या तारा, एक विहीर आणि नांगरून ठेवलेलं शेत. मिक्स्चर बंद, इंधन बंद, फ्लॅप खाली, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, दारं उघडी. चाकं ढेकळांत शिरली, नोजव्हील मोडलं आणि विमान नाकावर आलं.

मला खरचटलं. त्याचा मणका फ्रॅक्चर झाला. तपासणीत निघालं की एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटला होता. मॅग्नेटो दोन्ही चांगले होते, आणि त्यांचा काही उपयोग नव्हता.

हॉस्पिटलात त्याच्या वडिलांनी आवाज न चढवता विचारलं, ‘मॅडम, दुसरं इंजिन असतं तर माझा पोरगा असा पडला नसता ना?’ त्याआधी कुणी असं विचारलं असतं, तर मी लिंडबर्ग सांगितला असता. त्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘असू शकेल, काका.’ आजही तेच म्हणेन. तेवढ्या उन्हात, तेवढ्या खाली, एका इंजिनावर छोटं ट्विन वर चढलं असतं की उलटलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी नवशिक्याच्या हाती ट्विन देणं मला जास्त धोक्याचं वाटतं, आणि मी एकाच इंजिनावर शिकवते. पोरगा बरा झाला, पण पुन्हा उडला नाही. वडिलांना ते योग्य वाटतं. मला नाही वाटत, पण त्यांच्याशी वाद घालायचा माझा हक्क आहे असंही वाटत नाही.

तुम्ही प्रवेश घ्यायला आलात, तर हे विचारा: या इंजिनाचे ओव्हरहॉलनंतर (पूर्ण खोलून केलेल्या दुरुस्तीनंतर) किती तास झालेत? कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) शेवटचं कधी तपासलं? टेकऑफनंतर इंजिन गेलं तर काय करायचं, याचा सराव सोलोच्या (एकट्याने उडण्याच्या) आधी किती वेळा घेता? ही उत्तरं मी लॉगबुक समोर उघडून देईन.