सान आन्तोन : सान्तियागोच्या वाटेवरचं पडकं इस्पितळ

स्पेनमध्ये सान्तियागोच्या वाटेने, म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरूंच्या जुन्या पायवाटेने, चालताना बुर्गोस शहर मागे पडलं की मेसेता लागते. आठ-नऊशे मीटर उंचीचं पठार, नजर पोचेल तिथवर गहू, आणि सावलीला झाड जवळजवळ नाही. कंटाळवाणा म्हणून बरेच जण हा पट्टा बसने ओलांडतात. तसं करू नका असं आम्ही प्रत्येकाला सांगतो, कारण याच पट्ट्यात वाट एका पडक्या मध्ययुगीन चर्चच्या कमानीखालून जाते. ते ठिकाण सान आन्तोन, एकेकाळचा मठ आणि इस्पितळ. आजूबाजूला वस्ती नाही, दुकान नाही.

बुर्गोसहून पहिला मुक्काम ओर्नियोस, सुमारे २१ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ओर्नियोस ते ओन्तानास साडेदहा, तिथून सान आन्तोन साडेपाच आणि पुढे कास्त्रोहेरिस गाव चार किलोमीटर. उन्हाळ्यात सहाच्या आत निघावं. ओर्नियोसनंतर ओन्तानासपर्यंत वाटेवर गाव नाही, म्हणून दीड ते दोन लिटर पाणी पाठीवर हवंच. पंढरीच्या वाटेवर दिंडीचा ट्रक तंबू आणि सामान घेऊन पुढे जातो, टँकर सोबत असतो. इथे सगळं आपल्याच पाठीवर. सहा-सात किलोच्या वर पिशवी गेली तर दोन दिवसांत गुडघे बोलू लागतात.

ओन्तानास खोलगट जागेत दडलंय. गाव आलं आलं म्हणेपर्यंत दिसत नाही, आणि अचानक पायाखाली चर्चचा मनोरा उगवतो. इथे पोटभर खाऊन बाटल्या भराव्यात. पुढची पायवाट दरीच्या कडेकडेने जाते आणि शेवटी डांबरी रस्त्याला मिळते. पाऊस पडून गेला असेल तर मातीच्या भागात चिखल बुटांना किलोकिलोने चिकटतो. तो तसाच वागवत चाललात तर घोटा मुरगळतो. थांबून काठीने खरवडून काढायचा.

रस्त्यावर दुरून आधी दिसते ती उंच टोकदार कमान. चर्च एका बाजूला, आणि रस्त्यावरून आडवं गेलेलं दगडी छत. गाड्याही याच कमानीखालून जातात, त्यामुळे वर बघत रस्त्याच्या मधोमध उभं राहू नका. छताखाली चर्चचं जुनं दार आहे. त्यावरच्या कमानींच्या ओळींत कोरलेल्या आकृती पाऊस-वाऱ्याने झिजल्यात. तिरपं ऊन असेल तेव्हाच त्यांचे चेहरे, हात ओळखू येतात. समोरच्या भिंतीत दोन कोनाडे आहेत. रात्री दरवाजे बंद झाल्यावर पोचणाऱ्या यात्रेकरूंसाठी मठातले लोक इथे खाणं ठेवून देत. आता तिथे चालणारे चिठ्ठ्या ठेवतात, वर खडा ठेवून. त्या उचलून वाचू नयेत.

आत जायचं फाटक वेगळं आहे. आत गेल्यावर छप्पर नाहीच, भिंती मात्र पूर्ण उंचीच्या. पश्चिमेच्या भिंतीतली गोल खिडकी नीट पाहा. तिच्या दगडी जाळीत ‘टी’सारखा क्रूस गुंफलाय. तो ताऊ, संत आन्तोनच्या पंथाची खूण. फ्रान्समध्ये अकराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या या पंथाचं मुख्य काम एका रोगाच्या रुग्णांची सेवा हे होतं. इथली संस्था ११४६ साली सातव्या अल्फोन्सो राजाच्या आश्रयाने उभी राहिली. आज दिसणारं बांधकाम बहुतेक चौदाव्या शतकातलं.

तो रोग म्हणजे ‘सान आन्तोनचा अग्नी’. हातापायांत असह्य आग, मग बोटं काळी पडून वाळत आणि गळून जात. कारण होतं अरगट, धान्याच्या कणसावर येणारी बुरशी. आपल्याकडे बाजरी पिकवणाऱ्याला हे नाव नवं नाही. कणसावर आधी मधासारखा चिकट द्रव, मग दाण्याच्या जागी काळपट गाठी. बाजरीवरची बुरशी वेगळ्या जातीची, तिच्या विषाने मळमळ, उलट्या, गरगरणं होतं. युरोपातली बुरशी ‘राय’ या थंड हवेतल्या धान्यावर यायची आणि तिचं विष रक्तवाहिन्या आकसून टाकायचं. आपल्याकडे दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचं बियाणं बुडवतात. गाठी तरंगतात, त्या काढून नष्ट करतात, तळाचं बियाणं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवतात. मध्ययुगातल्या रुग्णाला आपली भाकरीच विषारी आहे हे ठाऊकच नव्हतं.

इथे त्याला गव्हाचा पाव, वाइन, डुकराच्या चरबीचा लेप मिळे. सडलेला अवयव कापण्याचं कामही हेच लोक करत. रायचा प्रदेश सोडून महिनोन्‌महिने गव्हाच्या पावावर चाललेला माणूस खरोखर सुधारत असावा, असं आज मानलं जातं. गेलेलं बोट परत येत नसे, पण आग थांबत असे. आम्हाला या जागेचं मोल यातच वाटतं. पायी येणाऱ्याला बरं करण्यासाठी ही भिंत थेट रस्त्यावर बांधली. १७८७ मध्ये स्पेनमधला हा पंथ बंद झाला, मग इमारत ओस पडली आणि छत ढासळलं.

उन्हाळ्याच्या मोसमात या भिंतींच्या आत यात्रेकरूंसाठी छोटं आश्रयस्थान चालतं. खाटा डझनभर, आगाऊ नोंदणी नाही. वीज नाही, गरम पाणी नाही. रात्रीचं जेवण एकत्र, मेणबत्तीच्या उजेडात. पैसे ठरलेले नाहीत, देणगीची पेटी असते. काहीजण याचा अर्थ फुकट असा घेतात, आणि अशी ठिकाणं बंद पडायची वेळ येते ती त्यामुळेच. जेवण आणि खाट यांचं इतर मुक्कामांवर जे द्याल तेवढं तरी पेटीत टाका.

फोन आणि पॉवर बँक ओर्नियोसलाच भरून घ्या, टॉर्च हाताशी ठेवा. जूनमध्येही पहाटे गारठा असतो, पातळ चादरीवर भागत नाही, स्लीपिंग बॅग हवी. शाकाहारी असाल तर पोचल्याबरोबर सांगा, कारण मसुराच्या रश्श्यातही सॉसेजचे तुकडे असू शकतात. खाटा भरल्या असतील तर वाद न घालता कास्त्रोहेरिस गाठायचं. तासाभराची चाल, सपाट रस्ता, पण डांबर तापलेलं असतं आणि फोड नेमके तिथेच येतात. म्हणून आम्ही सान आन्तोनला बूट काढून मोजे बदलतो. मोसम नसेल तेव्हा फाटकाला कुलूप असतं. कमान, दार आणि कोनाडे मात्र रस्त्यावरून केव्हाही पाहता येतात.

मुक्काम इथे केला तर दुसऱ्या दिवशी कास्त्रोहेरिसमध्ये न्याहारी करून पाणी भरून घ्या. गाव संपलं की लगेच मोस्तेलारेसचा चढ आहे, जेमतेम एक किलोमीटरचा, पण बारा टक्क्यांचा. पलीकडचा उतार त्याहून तीव्र आहे, तिथे काठी बाहेर काढा.