फुलर्टन: एक बेस विकायला, एक बेस घ्यायला

लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवरून फुलर्टनला जायला पॅसिफिक सर्फलायनर गाडीला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात मी केसची कडी तीनदा उघडून आत पाहिलं. आत माझा १९७५ चा जॅझ बेस होता, म्हणजे फेंडर कंपनीची विजेवर चालणारी बेस गिटार. अकरा वर्षं वाजवलेला. दुसऱ्या दिवशी तो विकायचा होता आणि त्याच पैशांत साठच्या दशकातला एखादा प्रिसिजन बेस, फेंडरचाच दुसरा नमुना, घ्यायचा होता. निर्णय महिनाभर आधीच झाला होता, तरी गाडीत बसल्यावर पोटात कालवाकालव व्हायची ती झालीच.

विकायचं कारण सरळ होतं. अॅश लाकडाचा हा बेस भरतो पाच किलो. तीन तासांच्या कार्यक्रमानंतर डावा खांदा बोलायला लागतो. शिवाय सत्तरच्या दशकात फेंडरने जॅझ बेसचं मागचं पिकअप (तारांची कंपनं टिपणारं चुंबक) ब्रिजच्या, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात त्या पट्टीच्या, थोडं जवळ नेलं, त्यामुळे त्या काळातल्या बेसना एक चावरा, खणखणीत आवाज आला. अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांना तोच हवा असतो. याच शैलीतला नामवंत बेसवादक मार्कस मिलर, त्याचा प्रसिद्ध जॅझ बेस १९७७ चा आहे, तो उगाच नाही. पण मी आता ज्या मंडळींबरोबर वाजवतो, तिथे बेसने गाण्याच्या खाली सतरंजीसारखं पसरून राहायचं असतं. ते काम प्रिसिजनचं.

गिटार शो रविवारी होता. मुद्दाम एक दिवस आधी आलो, कारण फुलर्टन पाहायचं होतं. स्टेशनपासून हार्बर बुलेवार्ड चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या रस्त्याला पूर्वी स्पाड्रा रोड म्हणत. इथेच १९३८ मध्ये फेंडर कंपनीचे संस्थापक लिओ फेंडर यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. हिशेबनीसाचं शिक्षण घेतलेला, गिटार वाजवता न येणारा हा माणूस. वादक आपले बिघडलेले अॅम्प्लिफायर घेऊन त्याच्याकडे यायचे आणि बोलता बोलता गाऱ्हाणी सांगायचे. डबल बेस वाजवणाऱ्यांचं गाऱ्हाणं सगळ्यात मोठं होतं: माणसाएवढं वाद्य गाडीच्या टपावर बांधून न्यायचं आणि मंचावर ढोल नि विजेच्या गिटारपुढे ते कुणाला ऐकूच यायचं नाही. १९५१ मध्ये लिओंनी त्याला उत्तर दिलं. गिटारसारखा धरता येणारा, चौतीस इंच लांबीच्या तारांचा, फ्रेट, म्हणजे बोटांखालच्या पट्टीवर आडव्या धातूच्या पट्ट्या, असलेला बेस. फ्रेट असल्याने स्वर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन.

साउथ रेमंड अव्हेन्यूपर्यंत केस घेऊन चालत गेलो. १९५३ पासून फेंडरचा कारखाना या रस्त्यावर होता. आता फेंडरचं अमेरिकेतलं उत्पादन कोरोना गावात चालतं आणि इथे आहेत त्या बैठ्या, सपाट छपरांच्या इमारती, मालाचे ट्रक, तापलेलं डांबर. पाहण्यासारखं काही नाही असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मी मात्र वीस मिनिटं तिथे उभा होतो. माझ्या हातातल्या बेसचं लाकूड याच रस्त्यावर कापलं गेलं होतं. त्याला एकदा इथे आणून मग दुसऱ्याच्या हाती द्यावं, असं वाटलं होतं, आणि ते केलं.

त्या रात्री मोटेलच्या खोलीत अॅम्प न लावता दीड वाजेपर्यंत त्याच्यावर वाजवत बसलो.

गिटार शो म्हणजे काय ते ज्याने पाहिलेलं नाही त्याच्यासाठी सांगतो. एक मोठा हॉल, रांगेने लावलेली टेबलं, त्यांवर आणि त्यांच्यामागे स्टँडवर शेकडो वाद्यं. प्रत्येक कोपऱ्यात कुणीतरी काहीतरी वाजवत असतो आणि ते सगळं मिळून एकच अखंड गलका होतो. तुमच्या हातात केस दिसली की दारातच विचारणा सुरू होते. "आत काय आहे? विकायचंय का?" पहिल्या दहा मिनिटांत तीन व्यापाऱ्यांनी माझा बेस पाहिला. तिघांनीही जवळपास सारखाच आकडा सांगितला आणि तो बाजारभावाच्या बराच खाली होता. त्यात मला राग येण्यासारखं काही वाटलं नाही. व्यापाऱ्याला दुरुस्ती करायची असते, महिनोन्‌महिने माल सांभाळायचा असतो, टेबलाचं भाडं भरायचं असतं. पण मला घाई नव्हती.

मी एका कागदावर सगळं लिहून केसला चिकटवलं होतं. फ्रेट नवे बसवलेले आहेत. दोन पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणांखालचे विजेचे भाग, बदललेले आहेत, जुने केसमध्ये ठेवले आहेत. नेक, म्हणजे वाद्याची लांब मान, तीन बोल्टची आहे आणि जोरात धक्का लागला तर किंचित सरकते, तेव्हा सांभाळावं लागतं. असं लिहिल्याने किंमत उतरते हे मला ठाऊक होतं. पण जुन्या वाद्याच्या व्यवहारात जे सांगायचं राहून जातं तेच पुढे घशाशी येतं, आणि मला त्या बेसच्या नव्या मालकाला कधी भेटलो तर नजर चुकवायची नव्हती.

दुपारी एक मुलगी आली. पंचविशीतली असेल. कागद वाचला, वर पाहिलं नाही, पुन्हा वाचला. मग म्हणाली, "वाजवू का?" तिने पहिल्याच फटक्यात अंगठ्याने खालच्या स्वराची जाड तार ठोकली आणि माझ्या लक्षात आलं की अकरा वर्षं मी या बेसकडून जे मागत होतो ते त्याचं काम नव्हतंच. तिच्या हातात तो झणझणला. आजूबाजूचे दोघे-तिघे थांबून ऐकायला लागले. घासाघीस थोडी झाली, व्हायलाच हवी, आणि व्यापाऱ्यांच्या आकड्याहून बऱ्यापैकी वर सौदा ठरला. जाताना तिने विचारलं, "तुम्ही यावर कुठल्या तारा लावता?" तेवढं सांगितलं. तिने कागदही केसमध्येच ठेवून घेतला.

आता खरेदी. इथे मी तोंडघशी पडता पडता वाचलो, ते सविस्तर सांगतो.

एका व्यापाऱ्याशी आधीच बोलणं झालं होतं. त्याच्याकडचा सनबर्स्ट रंगाचा प्रिसिजन '१९६३ चा, सगळं मूळचं' म्हणून त्याने फोटो पाठवले होते आणि मी आगाऊ रक्कमही देऊन बसलो होतो. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरला फेंडर विकत घेतली आणि तेव्हापासून बाजारात 'सीबीएसच्या आधीचा' आणि 'नंतरचा' अशी सरळ फाळणी आहे. आधीच्याला भाव फार चढा. बेस दिसायला देखणा होता. मागच्या प्लेटवर एल अक्षराने सुरू होणारा क्रमांक, म्हणजे त्या काळाशी जुळणारा. पण प्लेट चार स्क्रूंवर असते. ती कुठल्याही बेसवर बसते.

मी म्हटलं, पिकगार्ड, म्हणजे पुढची प्लास्टिकची पट्टी, उघडून दाखवा. त्याने आढेवेढे घेतले, मग उघडला. आवाज कमी-जास्त करणाऱ्या पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, ३०४ म्हणजे स्टॅकपोल, १३७ म्हणजे सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. टॉर्च लावून वाचलं तर वर्षाच्या जागी ६६. व्यापारी म्हणाला, पॉट बदलले असतील. पण सोल्डर जुनं, मंद करडं, एकदाच लागलेलं, आणि कापडी वेष्टनाच्या तारा जशाच्या तशा. हे काम पुन्हा कुणी उघडलेलंच नव्हतं. म्हणजे बॉडी १९६६ किंवा त्यानंतरची. नंतरची म्हणतो, कारण १९६६ मध्ये पॉटचा एवढा साठा घेतला गेला होता की तेच पॉट पुढे १९६९ पर्यंतच्या वाद्यांत सापडतात. नेकच्या टोकावरचा तारखेचा शिक्का १९६३ चा खरा असेलही. पण दोन बेसचा मिळून एक केलेला होता आणि तो एकाच्या नावाने विकला जात होता. आगाऊ रक्कम परत मिळवायला तासभर वाद घालावा लागला. मिळाली. मन मात्र साफ उतरलं आणि मी निघायच्या बेतात होतो.

हॉलच्या मागच्या दाराजवळ एका सत्तरीच्या गृहस्थांचं छोटं टेबल होतं. त्यांच्याकडे एकच बेस. प्रिसिजन, पण रंग पूर्ण खरवडलेला, उघडं लाकूड, त्यावर वॉर्निशचा हात. "१९७४ मध्ये मीच गॅरेजमध्ये खरवडला," ते म्हणाले. "तेव्हा सगळेच तसं करत होते." मूळ रंग गेला की जुन्या बेसची किंमत साधारण निम्म्यावर येते, हा बाजाराचा संकेत. संग्रह करणारे अशा बेसकडे वळूनही पाहत नाहीत. वाजवणाऱ्याचं नशीब तिथेच उघडतं.

मी विचारायच्या आधीच त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. तारा सैल केल्या, चार स्क्रू फिरवले, नेक हलकेच उचलून माझ्या हातात दिली. टोकाशी पुसट शिक्का: मार्च ६६, आणि शेवटी बी अक्षर. नटपाशी, म्हणजे वरच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपाशी, नेकची रुंदी एक पूर्णांक पाच अष्टमांश इंच असल्याची ती खूण. जुन्या फेंडरमध्ये ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक ठरवणारा दांडा, फिरवायची जागाही याच टोकाला असते, नेक काढल्याशिवाय नीट हात पोचत नाही. नेकच्या पोटातला तो लोखंडी दांडा जाम झाला असेल तर बाकी सगळं मूळचं असून उपयोग नाही. त्यांनी पाव फेरा दिला. फिरला. माझा श्वास सुटलेला त्यांनी ऐकला असावा.

मग त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. आत पिकअपवरचं आणि ब्रिजवरचं क्रोमचं झाकण, आणि तारांच्या पातळ बाजूला लावायची बोटं टेकवायची पट्टी. या बाजूला का, तर त्या काळी अंगठ्याने तार छेडायची आणि बोटं खाली टेकवायची असं गृहीत होतं. ब्रिजच्या झाकणात आतून फोमचा तुकडा चिकटवलेला होता, तारांचा नाद लवकर आवरावा म्हणून. मी बोट लावलं तर त्याचा भुगा झाला. मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन अशाच फोमसह, गुळगुळीत जाड तारांवर, एका बोटाने वाजवत. मोटाऊनच्या असंख्य रेकॉर्डवर ऐकू येतो तो त्यांचा १९६२ चा प्रिसिजन १९८३ मध्ये, त्यांच्या निधनाच्या थोडं आधी, चोरीला गेला. मी त्या गृहस्थांकडे जेमरसनचं नाव काढलं तर ते एवढंच म्हणाले, "तारा मीही बदललेल्या नाहीत."

वाजवून पाहायचं तर हॉलमध्ये कान फुटायची पाळी. म्हणून मी बेस अॅम्पला न जोडता बॉडीच्या शिंगासारख्या वरच्या टोकाला कान टेकवला. लाकडातून स्वर थेट हाडात येतो. एक एक फ्रेट दाबत गेलो. सगळ्यात पातळ तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटला स्वर लवकर मावळतो, फेंडरच्या बहुतेक बेसना ते असतंच. खालची तार छेडली आणि छातीत हललं. पुढे काही पारखायचं उरलं नाही.

फिंगरबोर्ड गडद शिसवी, ब्राझीलचं की भारतीय ते नुसत्या डोळ्यांनी छातीठोक सांगता येत नाही. ब्राझीलच्या शिसवाला १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारात सगळ्यात कडक संरक्षण आहे. परवान्याशिवाय ते लाकूड सीमा ओलांडू शकत नाही. म्हणून हा बेस देशाबाहेर न्यायचा नाही, हे तिथेच ठरवून टाकलं. पैसे मोजताना त्यांनी विचारलं, "कुठे वाजवतोस?" मी सांगितलं. त्यांनी डबा माझ्या पिशवीत घातला आणि झाकणाचे स्क्रू वेगळ्या पुडीत बांधून वर ठेवले.

संध्याकाळी फुलर्टनच्या फलाटावर गाडीला चाळीस मिनिटं होती. नवी केस जुनीहून किलोभर तरी हलकी. बाकावर बसून बेस बाहेर काढला. एक लांबलचक मालगाडी धडधडत गेली आणि ती जाईपर्यंत मी खालची तार नुसती धरून ठेवली, तिच्या कंपाबरोबर. मग पातळ तारेवर पाचव्या फ्रेटला बोट ठेवलं. स्वर आला आणि लवकर विझला. पुन्हा वाजवला. बोट किंचित मागे घेऊन, जरा घट्ट दाबून. यावेळी थोडा जास्त टिकला.