बाटलीतून खिडकीच्या ग्रिलमध्ये

मखमली पानांचे अँथुरियम आणि फिलोडेंड्रॉन मुंबईच्या फ्लॅटमध्ये टिकत नाहीत, ते बंगळुरूवाल्यांनी करावेत, असं नर्सरीत हमखास ऐकायला मिळतं. माझा अनुभव वेगळा आहे. ही झाडं मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. त्यांना ऊब हवी, दमट हवा हवी आणि थेट ऊन नको. ऊब आणि दमटपणा तर मुंबई वर्षातले कितीतरी महिने फुकट देते. खरं काम असतं ते लॅबच्या हवेतून आपल्या खिडकीच्या हवेत रोप आणण्याचं. मुलुंडच्या आमच्या घरात टिश्यू कल्चरच्या, म्हणजे लॅबमध्ये झाडाच्या छोट्या तुकड्यापासून बाटलीत वाढवलेल्या रोपांवर मी ते कसं केलं, ते सविस्तर लिहिते.

बाटलीतली रोपं घेतली, कारण वाढलेलं झाड परवडणारं नव्हतं आणि परदेशातून मागवायचं नव्हतं. झाडं आयात करायची तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना लागतो, पाठवणाऱ्या देशाचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे झाड कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो. हौशी लोकांना हा जाच वाटतो. मला तो नियम योग्यच वाटतो. एखाद्या कुंडीतून आलेली नवी कीड उद्या कोकणातल्या बागांत शिरली तर निस्तरणार कोण? शिवाय तिकडच्या जंगलातून उपटून विकलेलं झाड घरात ठेवायला मन धजत नाही. लॅबमध्ये वाढलेल्या रोपाला ती टोचणी नसते.

टिश्यू कल्चर महाराष्ट्राला नवीन नाही. जळगावकडच्या केळीच्या बागा कितीतरी वर्षं अशाच रोपांवर उभ्या आहेत. पण शेतकऱ्याला रोप मिळतं ते हार्डनिंग झालेलं, म्हणजे बाहेरच्या हवेला सरावलेलं, पिशवीतलं. माझ्याकडे आल्या त्या सीलबंद बाटल्या. तळाशी अगारचा (जेलीसारख्या पदार्थाचा) पारदर्शक थर आणि त्यात एकमेकांत गुंतलेली, बोटाच्या पेराएवढी रोपं: एका बाटलीत अँथुरियम क्रिस्टॅलिनम, दुसरीत फिलोडेंड्रॉन ग्लोरिओसम. मुराशिगे आणि स्कूग या दोघा शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी क्षारांचं जे मिश्रण बसवलं, त्यावर आजही असंख्य लॅब चालतात. त्यात लिटरला साधारण ३० ग्रॅम साखर घालतात. म्हणजे बाटलीतलं रोप उजेडापेक्षा आयत्या साखरेवर पोसलेलं असतं. आतली हवा कायम ओलीचिंब, त्यामुळे पानावरचा मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रांना, पानावरच्या सूक्ष्म छिद्रांना, मिटायची सवयच लागत नाही. असं रोप पंख्याखाली ठेवलं की बघता बघता मान टाकतं.

म्हणून बाटल्या मागवल्या त्या जूनच्या शेवटी, पाऊस नीट लागल्यावर. याबाबतीत माझं मत ठाम आहे. जुलैत मुंबईची आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांच्या घरात असते आणि तापमान २५ ते ३० अंशांच्या मध्ये. बाटलीतल्या आणि घरातल्या हवेत इतका कमी फरक एरवी कधी नसतो. जानेवारीतही लोक रोपं जगवतात, पण त्यांची निम्मी मेहनत कोरड्या हवेशी झगडण्यात जाते.

बाटली उघडली की पहिलं काम मुळं धुण्याचं. अगारचा एवढासा कण राहिला तरी त्यातल्या साखरेवर बुरशी धरते. कोमट पाण्याच्या पातेल्यात रोपं सोडली की वरवरचा अगार सुटतो, मुळांच्या बेचक्यातला मात्र चिकटून बसतो. तो मी रंगाच्या मऊ ब्रशने काढला. मुळं कच्च्या शेवयांसारखी ठिसूळ, जरा ओढलं की तुटणारी. म्हणून गुंता हातात धरून सोडवायचा नाही, पाण्यात तरंगत ठेवून सोडवायचा. मग एकेक रोप चहाच्या मोठ्या गाळणीत ठेवून नळाच्या बारीक धारेखाली, बोटांना बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत. त्यानंतर सौम्य बुरशीनाशकाच्या पाण्यात थोडा वेळ, आणि मग स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) व परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) यांत लावणी. मॉस भिजवून इतका पिळायचा की मुठीत दाबल्यावर एखादाच थेंब सुटावा. ओलावा यापेक्षा जास्त झाला तर पावसाळ्यात मुळं कुजतात.

ही सगळी रोपं रिकाम्या फिश टँकमध्ये ठेवून वर काच टाकली. ही युक्ती जुनी आहे. लंडनमधले डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांचे नेचे (फर्न) तिथल्या धुरात मरत असत. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोष पाहण्यासाठी ओली माती घालून एक बाटली बंद करून ठेवली, तर तिच्यात आपोआप नेचा उगवला. १८३३ मध्ये त्यांच्या काचेच्या पेट्यांमधली झाडं जहाजाने जिवंत सिडनीला पोचली, आणि पुढे चीनमधून चहाची रोपं भारतात आली तीही अशाच पेट्यांतून. वॉर्डना झाड काचेच्या आत जगवायचं होतं, मला ते काचेबाहेर आणायचं होतं. त्यामुळे माझं सगळं लक्ष त्या झाकणावर.

सुरुवातीला काच पूर्ण बंद. वर एलईडी ट्यूब, दिवसाचे बारा तास. मग सकाळी थोडा वेळ बोटभर फट, पुढे सकाळ-संध्याकाळ, मग रात्रभर. आत आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर होता, पण मी जास्त विश्वास ठेवला तो पानांवर. देठ झुकला की काच पुन्हा लावायची आणि दुसऱ्या दिवशी फट जरा कमी करायची. यात घाई चालत नाही. हवा कोंडून राहू नये म्हणून फट मोठी झाल्यावर एक छोटा कॉम्प्युटरचा पंखा टँकच्या काठावर बसवला. पावसाळ्यात रोप कोरडेपणाने कमी आणि साचलेल्या ओल्या हवेने जास्त दगावतं.

याच काळात बाटलीतून आलेली पानं एकेक करून पिवळी पडायला लागतात. तिथे बरेच जण घाबरतात आणि खत घालतात. घालू नये. ती पानं बाटलीच्या हवेसाठी घडलेली असतात, बाहेरच्या हवेत ती तशीही टिकणार नसतात. पाहायचं ते मधल्या कोंबाकडे. टँकमध्ये जन्मलेलं पहिलं पान जाड येतं, बोटाला वेगळं लागतं. क्रिस्टॅलिनमचं कोवळं पान तांबूस असतं, लोंबकळत उलगडतं, मग हळूहळू हिरवं होतं आणि शिरा पांढऱ्या उठून दिसायला लागतात. मखमल म्हणजे पृष्ठभागावरच्या पेशींचे बारीक फुगवटे. भिंगातून पाहिलं तर चमचमतात. अशी दोन-तीन पानं आली की झाड आपलं झालं समजावं.

सासूबाई रोज टँकपाशी येऊन पाहायच्या. एकदा म्हणाल्या, “अगं, हा तर अळूच की गं!” अगदी बरोबर. अळू, सुरण, पावसाच्या सुरुवातीला ठाणे-पालघरच्या बाजारात येणारं शेवळ, सगळं याच कुळातलं. शेवळात काकडं (एक आंबट रानफळ) घालतात आणि अळूत चिंच, ते घसा खाजू नये म्हणून. त्या खाजेमागचे कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक या शोभेच्या झाडांतही असतात. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंड्या उंचावर ठेवा, हे मी आवर्जून सांगेन.

सप्टेंबरात रोपं कुंड्यांत गेली. नर्सरीतल्या लाल मातीत ही मुळं गुदमरतात. मी नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, परलाइट आणि थोडं गांडूळखत वापरलं. सोडणाच्या तुकड्यांत मीठ असतं, म्हणून ते दोन-तीनदा भिजवून पाणी फेकून द्यावं लागतं. ग्लोरिओसम वर चढत नाही, जमिनीवर सरपटतं. त्याला खोल कुंडी नको, लांबट हवी, आणि आडवं खोड मातीत गाडायचं नाही. ग्रिलमध्ये अशी लांब कुंडी छान बसते. पाणी महापालिकेच्या नळाचं, तलावांतून येणारं, मऊ. टँकर आला त्या दिवसांत या झाडांसाठी आदल्या दिवशी भरून ठेवलेली बादली वापरली. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर थेंब पडू नयेत म्हणून कुंड्यांखाली ट्रे आहेत.

ऑक्टोबरचं ऊन मात्र निर्दय. आमची खिडकी पश्चिमेची, म्हणून ग्रिलला ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट लावली आणि पहिल्या वर्षी त्या महिन्यात कुंड्या काचेच्या आतच ठेवल्या. डिसेंबरपासून हवा कोरडी होते तेव्हा लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड येते. पानाच्या खालच्या बाजूला धुळीसारखे ठिपके दिसले की समजावं. ओल्या फडक्याने पानं दोन्ही बाजूंनी पुसणं हा माझा मुख्य उपाय, कडुनिंबाचं तेल त्याच्या मागून, आणि मखमली पानांवर अगदी पातळ.

आता क्रिस्टॅलिनमला फुलांचे तुरे येतात. अँथुरियमच्या तुऱ्यावर स्त्रीअवस्था, म्हणजे पराग घेण्याची अवस्था, आधी येते, बारीक चिकट थेंब दिसतात, आणि ते सुकल्यावर काही दिवसांनी पराग बाहेर पडतो. त्यामुळे एकाच तुऱ्याचा पराग त्याच्या स्वतःच्या थेंबांच्या उपयोगाचा नसतो. माझी सगळी क्रिस्टॅलिनम एकाच बाटलीतली, म्हणजे बहुधा एकाच झाडाच्या प्रती. म्हणून डोंबिवलीच्या मैत्रिणीकडून तिच्या वेगळ्या झाडाचा पराग बटर पेपरच्या पुडीत आणलाय. तो फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्यामागे आहे. सध्या रोज सकाळी भिंग घेऊन थेंब आले का ते पाहते आहे.