न्यूयॉर्कचं एलएलएम आणि बार: खरा अवघड टप्पा आपल्याच विद्यापीठाच्या खिडकीवर आहे

न्यूयॉर्कची जुलैची बार एक्झाम (तिकडे वकिली करायला लागणारी परीक्षा) देऊन झाली, झोप अजून भरून निघालेली नाही, पण डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते. एलएलएमला (कायद्यातली मास्टर्स डिग्री) निघालेली पुढच्या बॅचची मुलं मेसेज करून कॉलेज कुठलं चांगलं, स्कॉलरशिप मिळते का हेच विचारतात. ते सगळं नेटवर मिळतं. ज्यात माणूस खरा अडकतो ते कुणी सांगत नाही, म्हणून हे.

पुण्यातल्या कन्सल्टंटने भरपूर पैसे घेऊन आम्हाला एकच गोष्ट ऐकवली, एलएलएम झालं की न्यूयॉर्क बारला बसता येतं. हे अर्धवट आहे, आणि अशा अर्धवट माहितीवर घरच्यांनी कर्ज काढलं याचा मला अजून राग येतो. नियम (न्यूयॉर्कचं सर्वोच्च न्यायालय म्हणजे कोर्ट ऑफ अपील्स, त्याचा रूल ५२०.६, मुळातून वाचा, फार मोठा नाही) असा आहे की परदेशी लॉ डिग्रीवाल्यांचं शिक्षण आधी बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्स (बारची परीक्षा घेणारं मंडळ) तपासतं. कालावधी पुरेसा आहे का आणि शिक्षण कॉमन लॉवर (कोर्टाच्या आधीच्या निकालांना धरून चालणारी इंग्रजी कायदापद्धत) आधारलेलं आहे का, या दोन गोष्टी बघतात. दोन्ही बसल्या तर एलएलएम न करताही परीक्षेला बसता येतं. एकीत कमी पडलात तर एलएलएमने ती भरून निघते. दोन्हीत कमी पडलात तर एलएलएम करूनही काही होत नाही. म्हणजे आधी हे इव्हॅल्युएशन, मग कॉलेजचं डिपॉझिट. कन्सल्टंट हा क्रम उलटा लावतात, कारण त्यांचे पैसे अॅडमिशनवर ठरतात.

आणि कुठलंही एलएलएम चालत नाही. किमान २४ क्रेडिट लागतात, त्यात प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटीचे (वकिलांचे नीतिनियम) २, लीगल रिसर्च आणि रायटिंगचे २, अमेरिकन कायद्याची ओळख करून देणाऱ्या विषयाचे २ आणि बारला येणाऱ्या विषयांचे किमान ६. टॅक्स, आयपी (बौद्धिक संपदा), आर्बिट्रेशन असं स्पेशल एलएलएम घेणार असाल तर हे सगळं त्यात बसतं का ते कॉलेजला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. फोनवरचं ‘हो हो, होऊन जाईल’ धरू नका.

आता मुख्य गोष्ट, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या विषयांचा नि मार्कांचा विद्यापीठाचा अधिकृत दाखला. बोर्डाला ते विद्यापीठाकडून थेट पोचायला लागतं. आपण स्कॅन करून पाठवलेलं चालत नाही. आणि त्यावर नुसते मार्क असून भागत नाही, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत शिकलात, कुठले विषय पास झालात, डिग्री कधी मिळाली, हे सगळं लागतं. आपल्या मार्कशीटवर परीक्षेचा महिना नि साल असतं, शिकल्याच्या तारखा कुठे असतात? मी तेव्हा न्यूयॉर्कला, आणि बाबा परीक्षा विभागाच्या खिडकीवर. तिथे उत्तर एकच, आमच्या फॉरमॅटमध्ये हा कॉलमच नाही. चलन भरलेलं, अर्ज दिलेला, तरी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, सोमवारी या’. शेवटी कॉलेजच्या प्राचार्यांकडून लेटरहेडवर तारखांचं पत्र आणलं, ते अर्जाला लावलं, तेव्हा कुठे उपकुलसचिवांच्या सहीने तारखांसकट ट्रान्सक्रिप्ट निघालं. मग नवीन गंमत, क्लार्कने पाकीट सीलबंद करून बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाला तुम्हीच कुरिअर करा. नाही! पाठवणारं विद्यापीठच पाहिजे. बाबांनी कुरिअरवाल्याला तिथेच बोलावलं, पैसे आपण भरले, पण पावतीवर पाठवणारा म्हणून परीक्षा विभागाचं नाव आणि पत्ता घालून घेतला. शिक्का अर्धा झाकणावर, अर्धा पाकिटावर असा उमटलेला आहे की नाही तेसुद्धा बघून घ्या. हे सगळं तुम्ही स्वतः इथे असताना, निघायच्या किमान वर्षभर आधी सुरू करा. अॅडमिशनसाठी एलसॅकला (कागद गोळा करून लॉ कॉलेजांना पाठवणारी अमेरिकन संस्था) ट्रान्सक्रिप्ट जातंच, त्याच वेळी बोर्डासाठीचा दुसरा संचही मागून टाका, हेलपाटे निम्म्यावर येतात. घरी कुणी खेपा घालणारं नसेल तर हे काम तिकडून जवळपास अशक्य आहे, स्पष्ट सांगते.

दुसरं, नाव. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर वेगळाच क्रम. सनदेवर (आपल्याकडचा वकिलीचा परवाना) तिसराच. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आणखी घोळ. नोटरीचं अॅफिडेव्हिट करून ठेवा, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत ठेवा, आणि पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव प्रत्येक फॉर्मवर लिहा. सनद असेल तर तिची प्रतही सोबत लागते.

कॉलेजचे दोन सेमिस्टर छान गेले, त्याबद्दल विशेष काही नाही. वाचन भरपूर असतं, ते तुम्हाला जमणारच.

घर शोधताना मात्र लुटतात. महिन्याच्या भाड्याच्या ४० पट वार्षिक उत्पन्न दाखवा म्हणतात, नसेल तर तिकडचा गॅरंटर आणा म्हणतात. आमच्या वेळी ब्रोकरची फी भाडेकरूच्याच माथी. जून २०२५ पासून नियम बदललाय, ज्याने ब्रोकर नेमला त्याने फी द्यायची, त्यामुळे घरमालकाच्या ब्रोकरने पैसे मागितले तर सरळ नाही म्हणा. डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि अर्जाची फी २० डॉलरच्या वर नाही. पहिलं वर्ष कॉलेजचं हॉस्टेल मिळत असेल तर डोळे मिटून घ्या.

बारचा खर्च आधीच बाजूला काढा. परदेशी शिक्षणवाल्यांना परीक्षेची फी ७५० डॉलर (तिकडची मूळ लॉ डिग्री म्हणजे जेडी केलेल्यांना २५०), कोचिंग वेगळं. शिवाय एमपीआरईला (वकिली नीतिनियमांची वेगळी परीक्षा) ८५ मार्क लागतात, ती वर्षात तीनदा होते, मार्चमध्ये उरकून टाका. प्रो बोनोचे (फुकट केलेलं कायद्याचं काम) सक्तीचे ५० तास कॉलेजच्या क्लिनिकमध्येच होऊन जातात. मुख्य परीक्षा जुलैच्या शेवटच्या मंगळवारी-बुधवारी, पासिंग २६६.

ओपीटीचं (कोर्सनंतर स्टुडंट व्हिसावरच तिकडे काम करायची परवानगी) गणित कुणीच सांगत नाही. लॉ स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) येत नाही म्हणून फक्त १२ महिने, आणि त्यात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. मे महिन्यात कोर्स संपतो, जुलैपर्यंत बारचा अभ्यास, निकाल थेट शरद ऋतूत. सुरुवातीची तारीख कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आतच निवडावी लागते, तर ती होता होईल तेवढी उशिराची घ्या, नाहीतर अभ्यास करता करताच ते ९० दिवस संपत जातात. आठवड्याला किमान २० तासांचं व्हॉलंटियर काम कायद्याच्या क्षेत्रातलं असेल तर तेही मोजतात, लीगल एडवाल्या संस्थांना एप्रिलमध्येच मेल टाकून ठेवा.

कोलंबिया, एनवाययूसारख्या ठिकाणी नुसती ट्यूशन ७० हजार डॉलरच्या वर जाते. तिकडच्या नोकरीच्या पगारातून कर्ज फेडू हा एकच प्लॅन असेल तर माझं मत, जाऊ नका. इकडे प्रॅक्टिस किंवा फर्म परत घेणार असेल, किंवा स्कॉलरशिप मोठी असेल, तर जरूर जा, आणि आज संध्याकाळीच विद्यापीठाच्या वेबसाइटवरून ट्रान्सक्रिप्टचा फॉर्म काढून ठेवा.